मागच्या झाकणावरचं नाव

१२ ऑगस्ट, मंगळवार

ही वही शिवलीलानं आणून दिली. "जे ओरडायचंय ते हिच्यात ओरडा, आमच्यावर नको," म्हणाली. डॉक्टरनं रक्तदाब सांगितल्यापासून बायको माझ्या तोंडाला कुलूप लावायच्या मागं आहे. ठीक. इथं ओरडतो.

आज रेवणसिद्धप्पा दुकानात आला होता. जागेचा मालक. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "गुरुलिंग, आता घड्याळ घालतंय कोण? मोबाईलवाला तिप्पट डिपॉझिट द्यायलाय. तेवढं तू दे, न्हाईतर दिवाळीला जागा मोकळी कर." माझे अप्पा या जागेत डोळ्याला भिंग लावून बसू लागले तेव्हा हा रेवणसिद्धप्पा चड्डीवर शाळेला जात होता. त्याच्या मनगटावरचं पहिलं घड्याळ अप्पांनीच पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून बांधलेलं. आणि हा मला जागा मोकळी कर म्हणतो. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच्यासमोर मात्र "बघतो अण्णा" एवढंच म्हणालो, आणि त्याचाही राग आला.

भालकीत आमच्याइतकं जुनं घड्याळाचं दुकान दुसरं नाही. पण पैसा कुठाय? आहे ती अप्पांची पेटी. दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न नेलेली घड्याळं. लोक देतात, विसरतात, गाव सोडतात, मरतात. अप्पांनी त्यातलं एक विकलं नाही. उलट दर सोमवारी दुकानात येऊन एकेक हातात घेतात, चावी देतात, हलवतात. म्हणे बसून राहिलं की जाम होतं. डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप, पण सोमवार चुकत नाही. लोकांची घड्याळं चालू ठेवता ठेवता आपलं दुकान बंद पडायलंय, हे या माणसाला कोण सांगणार?

त्या पेटीत एक सोन्याची ओमेगा आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अप्पा घरी होते. पेटी उघडून ओमेगा काढली आणि काउंटरवर फोटो घेतले. चालू आहे. डायल स्वच्छ. काच नवी, अप्पांनीच कधीतरी बसवलेली.

उलटी केली आणि कपाळावर हात मारून घेतला. मागच्या झाकणावर कुणीतरी नाव घातलंय. रत्नपाल. लग्नाच्या ताटा-तांब्यांवर बाजारात घालून घेतात ना, तसं टिंबटिंब पाडून, मराठीत. अक्षरं म्हणजे पहिलीतल्या पोराची पाटी. 'र' फुगलेला, 'ल' खाली घसरलेला. सोन्याच्या घड्याळाला भांडं समजणारी माणसं आपल्याकडं आहेत, म्हणून आपण मागं आहोत.

मोबाईलवरचं मला जमत नाही. जुन्या वस्तू विकायच्या त्या ॲपवर शिवलीलानं सगळं भरून दिलं. अंगणवाडीची सगळी माहिती ती मोबाईलवरच भरते. मध्येच थांबली. "अवो, मालक म्हणून कुणाचं नाव टाकायलाव?"

"माझं."

"घड्याळ तुमचं हाय व्हय?"

"पेटी कुणाच्या दुकानात हाय?"

तिनं माझं नाव भरलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. ती भांडते तेव्हा बरं असतं. बोलत नाही तेव्हा जास्त चिडायला होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

या देशात चोर सोडून दुसरं कुणी राहतं की नाही?

एक म्हणाला, मी फौजेत आहे, पोस्टिंग जैसलमेरला, न बघता घेतो. गणवेशातला फोटोही पाठवला. मग एक चौकडीचं चित्र पाठवलं, हे स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. मी करणारच होतो. शिवलीलानं हातातून मोबाईल हिसकला. "पैसे यायला स्कॅन करावं लागत न्हाई. जायला लागतंय," म्हणाली. फौजीला मी फोन करून जे बोललो ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्यानं पैसे पाठवल्याचा फोटो टाकला. खात्यात छदाम नाही. विचारलं तर बँकेचा सर्व्हर बंद आहे, तुम्ही पार्सल टाका. तिसरा हैदराबादचा. "पहले भेजो भाई, देखको पैसे देतूं." वर पुन्हा "भरोसा नई क्या?" म्हणून मलाच विचारतो.

दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवून जगणारी ही अवलाद. कष्ट नकोत, लाज नको. लोकांची वस्तू आपली म्हणून खिशात घालायची आणि वर तोंड करून बोलायचं. अशांना चौकात उभं करून फोडलं पाहिजे. रक्तदाब वाढतोय, इथंच थांबतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. पूजा आटोपून अप्पा दुकानात आले आणि पेटी उघडून बसले. ओमेगा मी घरी नेऊन ठेवली होती. मला वाटलं होतं, डोळ्यांना दिसत नाही, कळणार नाही. त्यांनी बोटांनीच ओळखलं. "ओमेगा कुठाय रे?"

मी म्हणालो, "नेलं त्यानं. रत्नपाल आलता." झाकणावरचं नाव तेवढं डोक्यात होतं, ते तोंडात आलं.

अप्पांच्या हातातलं घड्याळ तसंच राहिलं. मग हसले. दात नाहीत, तरी लहान पोरासारखे हसले. "आला का? अरे कुवेतवाला तो, खटकचिंचोळीचा. सुट्टीत आला की हितं बसल्याबगर जायचा न्हाई. चहा प्यायचा, तिकडच्या क्रेनच्या गोष्टी सांगायचा. घड्याळ टाकून परत गेला तो गेलाच. मी म्हणलो हुतो न्हवं, ज्याचं त्यो येतंय." मग विचारलं, "दुरुस्तीचेच घेतलास न्हवं? इतके दिवस सांभाळलं म्हणून जास्त न्हाई न घेतलास?"

"न्हाई अप्पा."

दिवसभर खुशीत होते. समोरच्या पानवाल्यालाही बोलावून सांगितलं. एवढ्याशा गोष्टीनं म्हातारा खूश झाला, तर मी काय वाईट केलं? पण त्यांचं ते हसणं बघून मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आता डोकं लावून चाललोय. फुटकळ गिऱ्हाइकांचा नाद सोडला. बेंगळूरची एक कंपनी आहे. आपण विम्यासह पार्सल पाठवायचं, त्यांचा माणूस घड्याळ उघडून तपासतो, घेणाऱ्याचे पैसे तोवर कंपनीकडं अडकून राहतात, पास झालं की आपल्याला मिळतात. कुणी कुणाला टोपी घालू शकत नाही. अशी व्यवस्था सगळीकडं हवी.

म्हैसूरचा एक जण घ्यायला तयार आहे. पण कंपनीतली पोरगी फोनवर विचारते, मागं नाव कुणाचं? म्हणालो, माझे मामा. वडिलोपार्जित वस्तू आहे. ती म्हणाली, पेपर आहेत का? पेपर! आमच्याकडं मामांचे पेपर ठेवतात का? सरळ माणसाला प्रश्नांवर प्रश्न, आणि तिकडं चोर मोकाट.

रागानंच उठलो आणि नरसिंग सोनाराकडं जाऊन झाकण घासून घेतलं. नाव काढायला त्याला वेळ लागला. "लई दाबून घातलंय कुणीतरी," म्हणाला. आता आरशासारखं लख्ख आहे. जुना फोटो ॲपवरून काढला, मोबाईलमधूनही काढून टाकला, नवा टाकला. कटकट मिटली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आता नव्या तऱ्हेची चोरी. बाईमाणूस पुढं करून.

ॲपवर मेसेज आला. नाव मैत्रेयी, राहणार कलबुर्गी. लिहिते, "नमस्कार. तुमच्या घड्याळाच्या आधीच्या फोटोत मागं रत्नपाल असं नाव होतं. ऑफिसात पाहिलं. आईला दाखवायला घरी जाऊन उघडलं तर फोटो बदललेला. रत्नपाल माझे वडील. आम्ही मूळचे खटकचिंचोळीचे. कृपा करून फोन करा."

वा. फोटोत नाव वाचायचं आणि त्या नावाची लेक व्हायचं. उद्या मी ताजमहालाचा फोटो टाकला तर शहाजहानची नात येईल. आणि असल्या नावाची माणसं खटकचिंचोळीच्या कुठल्या टोकाला राहतात ते मला ठाऊक आहे. तिथं ओमेगा कुठून येणार? अप्पा कुवेत-कुवेत म्हणतात, पण कुवेतला गेलेले सगळे सोन्याची घड्याळं बांधून येतात का? मेसेज पुसला आणि नंबर ब्लॉक केला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुसऱ्या नंबरवरून फोन आला. मी जेवत होतो. शिवलीलानं उचलला आणि स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला. मुद्दाम.

"अण्णा, फोन ठेवू नका," पोरगी म्हणाली. "बाबांना ते घड्याळ कंपनीच्या शेखनं दिलेलं. गावी आणलं तवा चोरीला जाईल म्हणून आईनं त्याच्यावर नाव घातलं. भांड्याच्या दुकानात नेलं हुतं. त्या माणसाच्या हातातलं मशीन घेऊन स्वतः घातलं. त्याच वर्षी रात्रीच्या साक्षरता वर्गात लिहायला शिकली हुती ती. पाटीच्या बाहेर तिनं लिहिलेलं ते पहिलं."

मी विचारलं, "पावती हाय?"

"न्हाई. बाबांनी दुरुस्तीला कुठं टाकलं तेच आम्हाला ठाव न्हवतं. उदगीर, बिदर, भालकी, सगळीकडं विचारलं हुतं."

"आमच्या दुकानात तर कुणी आलं न्हाई. पावती न्हाई तर घड्याळ तुमचं कसं?"

"पुढच्याच वर्षी बाबा कुवेतला वारले, अण्णा. मी सातवीत हुते. तिकडंच माती दिली. आम्ही तोंडसुदीक बघितलं न्हाई. सामानाची पेटी आली, कपडे आले. आई अजून म्हणती, माणूस कुठं आला?"

हे लोक गोष्टी फार छान रचतात. मी म्हणालो, बाई, पोलिसात जा. तर काय म्हणाली? "आम्हाला घड्याळ नको, अण्णा. तुम्ही विका. त्या नावाचा तेवढा मोठा फोटो पाठवा. आई रोज विचारायलीय."

झालं, पितळ उघडं पडलं. खऱ्या मालकानं सोन्याचं घड्याळ असं सोडलं असतं का? पकडलं जाणार दिसल्यावर फोटोवर आली. "नावच न्हाई माझ्या घड्याळावर," म्हणालो आणि फोन ठेवला. खोटं नाही बोललो. नाव नाहीच.

शिवलीला भाकरी मोडत बसली होती. म्हणाली, "अप्पानला काय सांगितलाव तुम्ही? रत्नपाल घेऊन गेला म्हणून?"

"मग?"

"मग काय न्हाई. मेलेला माणूस घेऊन गेला."

ताट ढकलून उठलो.

४ सप्टेंबर, गुरुवार

पार्सल गेलं. कंपनीनं सांगितलेलं अक्षरशः पाळलं. घड्याळ फुग्याच्या कागदात, मग डबी, मग खोका, वरून चिकटपट्टी, पट्टीवर माझी सही. आतला नंबर दिसेल असा फोटो. विमा उतरवला. पॅकिंग करताना सलग व्हिडिओ काढायचा असतो, म्हणजे नंतर कुणी "खोक्यात दगड होता" म्हणू शकत नाही.

व्हिडिओ काढ म्हणालो तर शिवलीला नाही म्हणाली. "माझ्या हातून न्हाई व्हायचं." मोबाईल डब्याला टेकवून मीच काढला. लग्न केलंय का शत्रुत्व, कळेना झालंय. हे सगळं मी कुणासाठी करतोय? दुकान गेलं तर अप्पांना सोमवारी बसायला जागा तरी राहील का? हे कुणी म्हणत नाही. बोलायला सगळे पुढं.

११ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीचा अहवाल आला. घड्याळ अस्सल. मशीन उत्तम, "जाणकार हातानं नियमित काळजी घेतलेली." एवढं वाचून छाती फुगली. पुढं लिहिलंय, मागचं झाकण नुकतंच घासलेलं, त्यामुळे पत्रा पातळ झाला, कोरलेलं नाव काढल्याच्या खुणा भिंगाखाली दिसतात. घासलं नसतं तर जास्त किंमत आली असती, संग्राहकांना असं नाव चालतं.

म्हणजे नाव ठेवलं तर कुणाचं म्हणून विचारतात, काढलं तर का काढलं म्हणतात. तळपायाची आग मस्तकाला गेली. नरसिंगकडं जाऊन बोललो, तुला कळत नव्हतं का? तो म्हणाला, "तू घास म्हणलास, मी घासलो. नाव कुणाचं म्हणून इच्यारलो तर माझ्याच अंगावर आलास." सगळे माझ्यावरच उलटतात.

म्हैसूरवाला कमी किमतीत घेतो म्हणाला. वस्तू माझ्या मालकीची असल्याचं कंपनीला पुन्हा लिहून दिलं. किती वेळा लिहून द्यायचं?

१८ सप्टेंबर, गुरुवार

पैसे आले. रेवणसिद्धप्पाच्या हातावर ठेवले तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुकान वाचलं. येताना बायकोला म्हणून पेढे आणले. तिनं डबा उघडला नाही, शेजारी देऊन टाकला.

२२ सप्टेंबर, सोमवार

एक पान लिहून फाडलं. रागानं.

दुपारी दुकानात अप्पा पेटी मांडून बसले होते. मी दुकानात नवे दिवे लावायला वायरमनची वाट बघत होतो. दोन बायका पायरी चढून आल्या. एक पंजाबी ड्रेसमधली, एक म्हातारी, पांढऱ्या साडीची. तरणी म्हणाली, "गुरुलिंग तुम्हीच का?" आवाजावरूनच ओळखलं. ओमेगाच्या एका फोटोत मागं आमच्या दुकानाच्या नावाचं कॅलेंडर आलं होतं, म्हणे.

मी त्यांना बाहेर काढणार, तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "कुठल्या वो, बाई?"

"खटकचिंचोळीच्या," तरणी म्हणाली. "ही माझी आई, पंचशीला. माझे वडील रत्नपाल."

अप्पा उठून उभेच राहिले. "रत्नपालच्या घरच्या? बसा की. गुरुलिंग, चहा सांग. अवो, गेल्या म्हैन्यात तर येऊन घड्याळ घेऊन गेले की. मी नेमका घरी हुतो, गाठ हुकली. बरे हायेत न्हवं?"

म्हातारी स्टुलावर टेकत होती ती अर्ध्यातच थांबली. "कोण आलतं?"

"तुमचे मालक. रत्नपाल. ह्यानंच दिला की हातात."

ती माझ्याकडं वळली. लोक माझ्यावर चिडतात, त्याची मला सवय आहे, त्याला मी पुरून उरतो. ती चिडली नव्हती. जवळ आली आणि हळू विचारलं, "कसे दिसायले हुते? लई थकले हुते का?"

मी काउंटरवरचा चिमटा उचलला, परत ठेवला.

पोरीनं तिचा दंड धरला. "आई. बाबा न्हाईत आई."

"पण हे म्हणायलेत की. आलते म्हणायलेत."

"न्हाई आले, आई."

अप्पांना दिसत नाही, पण कळायला वेळ लागला नाही. हातातलं घड्याळ त्यांनी पेटीत ठेवलं. "गुरुलिंग," म्हणाले, "घड्याळ कुणाला दिलास?"

पोरीनंच सांगितलं. विकलं, आजोबा. आम्ही घड्याळासाठी आलो नाही. आईनं घातलेलं नाव तेवढं बघायचंय, त्याचा फोटो द्या.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पानवालासुद्धा. मग मीही मोठ्यानं सांगून टाकलं, "फोटो न्हाई. नाव घासून काढलं. किंमत येत न्हवती." म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि पायरी उतरून गेली. पोरगी जाताना अप्पांच्या पाया पडली. माझ्याकडं बघितलंही नाही. मागवलेला चहा तसाच राहिला.

सरळ सांगतो. सोमवारी आल्या म्हणून हे झालं. दुसऱ्या कुठल्याही वारी आल्या असत्या तर दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. माझी चूक एवढीच, की कॅलेंडर फोटोत राहिलं. बाकी काय केलं मी? पण ती 'थकले हुते का' म्हणाली ते कानातून जात नाही. मेलेला माणूस थकतो का? असं कुणी विचारतं का?

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. चिमटे, पेचकस, भिंग, सगळं धुऊन मांडलं, विभूती लावली, झेंडूचा हार घातला. नवे दिवे लागलेत. दुकान कधी नव्हे ते झकास दिसत होतं.

त्या बायका आल्या त्या सोमवारपासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आज सोमवार नसून आले. वाटलं, सणाचे आले, निवळले असतील. पूजेला हात लावला नाही. स्टूल उचलून बाहेर पायरीवर नेलं आणि तिथं बसले.

पहिली विमलबाई आली, दर सणाला नवऱ्याचं घड्याळ साफ करायला टाकते ती. अप्पांनी तिला पायरीवरच थांबवलं. "दुरुस्तीला टाकायला आलीस व्हय? नगं टाकू, बाई. हितं घड्याळ ऱ्हात न्हाई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग पोस्टातला माणूस आला, त्यालाही तेच. मग कुणीतरी अनोळखी, त्यालाही तेच. आवाज चढवून नाही, शिव्या देऊन नाही. सांगायचे आणि हात जोडायचे. आयुष्यभर ज्याच्याकडं लोकांनी पावतीशिवाय घड्याळं टाकली, तो माणूस आपल्याच दुकानाच्या दारात बसून असं सांगतो.

मी बाहेर जाऊन म्हणालो, "अप्पा, काय लावलाव हे? दुकान वाचवलोय मी. तुमच्यासाठी वाचवलोय."

"वाचीव की," ते म्हणाले. "मी तुला कुठं अडवायलोय? मी येणाऱ्याला सांगायलोय."

आत येऊन मी हार सरळ केला, पुन्हा सरळ केला. दारात कुणी आलं नाही. समोर पानवाला सुपारी कातरत सगळं ऐकत होता. उद्या हे आख्ख्या भालकीला कळणार. रेवणसिद्धप्पानं जागा दिली, आणि बापानं गिऱ्हाईक घालवलं. जन्मदात्यानं पोटावर पाय दिल्यावर कुणाकडं तक्रार करायची?

दुपारी शिवलीला नैवेद्य घेऊन आली. अप्पांना पायरीवरच ताट दिलं. मग आत आली, काउंटरच्या खणातून तिचं स्वतःचं मनगटी घड्याळ काढलं. सेल टाकायला आठवड्यापूर्वी माझ्याकडं दिलेलं.

मी म्हणालो, "अजून सेल टाकला न्हाई त्यात. बंद हाय ते."

"असू द्या बंद," म्हणाली, आणि पर्समध्ये टाकून घरी गेली.